चुकीच्या तारखेचं पाकीट

आमच्या गावात टीव्ही आला तो ग्रामपंचायतीच्या खोलीत, लाकडी पेटीत, आणि त्या पेटीला कुलूप होतं. बाहेर अंगणात जाळीची भलीमोठी थाळी आभाळाकडे तोंड करून बसवली होती. तिच्यावर कावळे बसायचे, आणि कावळ्यांमुळेच चित्र हलतं अशी आम्हा पोरांची पक्की समजूत होती. किल्ली ज्यांच्या कडदोऱ्याला असायची त्यांना सगळं गाव ‘टीव्हीवाले काका’ म्हणायचं. संध्याकाळी ते कुलूप काढायचे, पेटीची दोन्ही दारं उघडायचे आणि ओरडायचे, “पोट्टेहो, मांगं सरका बे!” नागपूरपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवरचं गाव. रॉकेलची चिमणी ज्या घरात होती, त्या घरातल्या पोराने तिथे बसून चालती-बोलती माणसं पाहिली.

हे चित्र येतं कुठून, असं गुरुजींना विचारलं तेव्हा त्यांनी खडूने फळ्यावर पृथ्वी काढली, वर एक डबी काढली आणि म्हणाले, “इन्सॅट-1बी. अमेरिकेच्या यानाने नेऊन सोडला.” मला वाटलं, मेलगाडी धावता धावता फलाटावर पोतं टाकते तसा सोडला असेल. फार काही चुकलो नव्हतो, हे कळायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

मी आरएमएसमध्ये नोकरीला लागलो. रेल्वे मेल सर्व्हिस. रात्रपाळीत पत्रं छाटायची, पिजन होलमध्ये टाकायची, बॅगा बांधायच्या. लाखो शिक्के नजरेखालून गेले असतील. कुठल्या गावच्या पोस्टातला शिक्का झिजलाय, कुठला बाबू शाई जास्त लावतो, हे पाकीट हातात घेताच सांगू शकतो. घरचे याला व्यसन म्हणतात.

तर एका रात्रपाळीनंतर झोप येईना म्हणून मोबाइलवर इन्सॅट-1बीबद्दल वाचत बसलो होतो. चॅलेंजर हे स्पेस शटल यान, मोहिमेचं नाव एसटीएस-8, उड्डाण 30 ऑगस्ट 1983. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तेव्हा मध्यरात्र उलटून अडीच वाजले होते आणि पाऊस होता. आपल्याकडे दुपारचे बारा. म्हणजे मी शाळेत होतो. शटलचं रात्रीचं उड्डाण ते पहिलंच, आणि रात्र निवडली ती आपल्या उपग्रहासाठी: तो कुठे, कोणत्या वेळी सोडायचा या हिशेबात दिवसाची वेळ बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी इन्सॅट बाहेर सोडला. हे वाचून छाती फुगली. आणि पुढची ओळ वाचून मी उठूनच बसलो. त्याच यानात अमेरिकन टपाल खात्याची सुमारे 2 लाख 60 हजार पाकिटं होती.

म्हणजे आमचा टीव्ही टपालगाडीतून गेला होता!

नासाला तेव्हा 25 वर्षं होत होती. टपाल खात्याने 9.35 डॉलरचं नवं तिकीट काढलं होतं, एक्स्प्रेस टपालासाठी. त्यावर गरुडाचं डोकं आणि मागे चंद्र. ते तिकीट लावलेली पाकिटं यानाच्या मालकक्षात डब्यांमधून भरली, पृथ्वीभोवती जवळजवळ शंभर प्रदक्षिणा घालून परत आणली आणि टपालाने 15.35 डॉलरला एक अशी लोकांना विकली. नफा दोन्ही खात्यांनी वाटून घेतला. अंतराळात जाऊन आलेली, कागदपत्रांसकट सामान्य माणसाला परवडेल अशी वस्तू याहून सोपी मिळणं कठीण, कारण ती अडीच लाखांवर आहेत. मी ठरवलं, एक पाकीट आपल्या घरी पाहिजे. ज्या फेरीत इन्सॅट गेला, त्याच फेरीतलं.

आता माझी फजिती सांगतो.

परदेशी विक्रेत्याकडे एक सुरेख पाकीट दिसलं. झेप घेणाऱ्या शटलचं रंगीत चित्र, त्यावर एसटीएस-8, आणि शिक्का केनेडी स्पेस सेंटरचा, तारीख 30 ऑगस्ट 1983. किंमत 12 डॉलर, टपालखर्च त्याहून जास्त. तारीख बरोबर, जागा बरोबर, मोहीम बरोबर. आणखी काय पाहिजे? घेतलं. तीन आठवड्यांनी आलं. बायकोला दाखवलं, सेक्शनमध्ये नेऊन सहकाऱ्यांना दाखवलं, पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. चौथ्या दिवशी रात्री भिंग घेऊन बसलो. तिकिटाच्या दातेरी कडेवरून शाई पाकिटावर उतरते तिथे ती जरा तुटते, हाताने मारलेल्या ठशात हे हमखास दिसतं. तसंच दिसत होतं. अस्सल शिक्का, अस्सल शाई, त्याच दिवशीचा. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

30 ऑगस्टचा फ्लोरिडाचा शिक्का या पाकिटावर आहे, म्हणजे 30 ऑगस्टला हे पाकीट फ्लोरिडाच्या पोस्टात, टेबलावर, शिक्केवाल्याच्या हाताखाली होतं. यान पहाटेच गेलं होतं! जे वर होतं त्याला त्या दिवशी खाली शिक्का कोण मारणार?

विक्रेत्याने फसवलं म्हणावं तर तेही नाही. त्याने लिहिलं होतं ‘लाँच कव्हर’. उड्डाणाच्या दिवसाची आठवण म्हणून हौशी लोक अशी पाकिटं छापून घेतात, अवकाशतळाच्या पोस्टात शिक्का मारून घेतात. ‘लाँच कव्हर’ म्हणजे वरातीत नाचलेला. ‘फ्लोन कव्हर’, खरोखर उडून आलेलं, म्हणजे बोहल्यावर उभा राहिलेला. मी इंग्रजीत नीट वाचलं नव्हतं. तीस वर्षं शिक्के वाचणारा माणूस शिक्का वाचायला चुकला, हे सेक्शनमध्ये कळल्यावर काय झालं असेल ते तुम्हीच समजा. अजून कोणी डाक उशिरा आणली की विचारतात, “अंतराळातून आली का?”

या प्रकरणात एक फायदा झाला. त्या विक्रेत्याला मी एक पत्र लिहिलं, तक्रार म्हणून नव्हे, विचारणा म्हणून. त्याने मला ओहायोतल्या एका निवृत्त गृहस्थांची ओळख करून दिली. पंचाहत्तरी ओलांडलेले, पन्नास वर्षं हेच गोळा करणारे. त्यांची माझी मेलवर गाठ पडली ती अजून सुटलेली नाही. मी मोडक्या इंग्रजीत लिहितो, ते शाळेतल्या मास्तरांसारखे मुद्द्यामुद्द्याने उत्तर देतात.

त्यांनी पहिल्याच मेलमध्ये सांगितलं की खऱ्या पाकिटाची तारीख चुकीची असते. तिकिटावरचा शिक्का 14 ऑगस्ट 1983 चा असेल तर पुढे बोलू. उड्डाण त्या दिवशी होईल असं धरून शिक्के आधीच मारून ठेवले होते; उड्डाण पुढे गेलं, पाकिटं तशीच भरली. परत आल्यावरचा दुसरा शिक्का कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळाचा, 5 सप्टेंबरचा. मी कॅलेंडर काढून पाहिलं. 14 ऑगस्ट 1983 रविवार. 5 सप्टेंबर सोमवार, पण अमेरिकेत तो कामगार दिनाच्या सुट्टीचा सोमवार. दोन्ही दिवस पोस्टाला सुट्टी! आमच्याकडे असा ठसा सापडला असता तर त्या बाबूला मेमो निघाला असता. आणि इथे तीच चूक अस्सलपणाची खूण. बरोबर तारखेचं पाकीट जमिनीवर राहिलं, चुकीच्या तारखेचं आभाळात जाऊन आलं. मी त्या रात्री दोन तास एकटाच हसत होतो.

मग त्यांनी मला अपोलो 15 ची गोष्ट सांगितली. टपालवाल्याला ती माहीत नसणं म्हणजे शरमेची बाब आहे. 1971 साली डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर चक्क शिक्का मारला. 2 ऑगस्टला, कॅमेऱ्यासमोर, सोबत नेलेल्या ठशाने आणि शाईने, नव्या तिकिटांवर. ते पाकीट आता वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात आहे. पण त्याच मोहिमेत परवानगी नसलेली सुमारे 400 पाकिटंही गेली होती. त्यातली 100 एका जर्मन व्यापाऱ्याकडे पोचली आणि दीड-दीड हजार डॉलरला विकली गेली. ठरल्याप्रमाणे तिघा अंतराळवीरांना प्रत्येकी 7000 डॉलर मिळायचे होते. त्यांनी ते नंतर परत केले, पण बोभाटा झाला, चौकशी झाली, उरलेली पाकिटं सरकारने ताब्यात घेतली आणि तिघांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही.

आता पाहा गंमत. 1983 मध्ये नासा आणि टपाल खातं मिळून अडीच लाखांवर पाकिटं विकायला वर नेताहेत म्हटल्यावर, त्या तिघांतले आल्फ्रेड वॉर्डन कोर्टात गेले. सरकारने आमची पाकिटं का धरून ठेवलीत, तुम्ही स्वतः तेच करताय की! प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं आणि अपोलोची पाकिटं त्यांना परत मिळाली. म्हणजे इन्सॅटसोबत गेलेल्या पाकिटांनी बारा वर्षांपूर्वीच्या पाकिटांना जामीन मिळवून दिला.

ओहायोच्या आजोबांचा दुसरा धडा कागदांचा होता. वस्तू स्वतः काहीच बोलत नाही, हे त्यांचं पालुपद. पाकिटाला अंतराळाचा वास येत नाही, वर नेलेल्या झेंड्याच्या कापडावर तिथली धूळ बसत नाही. तेव्हा वस्तू कोणी नेली, कोणाच्या सामानातून नेली, कोणाला दिली, त्याने कोणाला विकली आणि प्रत्येक पायरीवर कोणी काय लिहून दिलं, हे सगळं सलग पाहिजे. मी त्यांना लिहिलं की आमच्याकडे शेतजमिनीचं हेच असतं, सातबारा आणि फेरफार. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून भागत नाही. आधीच्या मालकाकडून ते कसं आलं ते फेरफार नोंदीत दिसलं पाहिजे. हे त्यांना समजावून सांगायला तीन मेल लागले, पण त्यांना ते इतकं आवडलं की आता ते मला विचारतात, “या झेंड्याचा सातबारा आहे का?” ‘सातबारा’ हा शब्द ते इंग्रजी अक्षरांत लिहितात, दर वेळी वेगळं स्पेलिंग.

प्रमाणपत्र जोडलंय म्हणून खूश व्हायचं नाही, हेही त्यातलंच. प्रमाणपत्र कोणी दिलं? विकणाऱ्याने स्वतःच छापलं असेल तर तो कागद म्हणजे भाजीवाल्याने वांग्याला दिलेला चांगल्या चालीचा दाखला. अंतराळवीराने वस्तूवरच स्वतःच्या हाताने ‘ही माझ्यासोबत गेली’ असं लिहून सही केली असेल तर ते वरचं. त्याने सोबत पत्र दिलं असेल तर त्याखालोखाल. त्यातही सही यंत्राने केलेली नाही ना हे पाहायचं. अंतराळवीरांना सहीच्या मागण्या इतक्या येत की पेन धरून सही गिरवणारी यंत्रं वापरली जात. एकाच घाटाच्या दोन सह्या एकावर एक ठेवून तंतोतंत जुळल्या तर समजायचं यंत्र. माणूस स्वतःची सही दोनदा सारखी करत नाही. मनीऑर्डरीच्या पावत्या तीस वर्षं पाहिल्यावर हे मला कोणी सांगायला नको होतं.

‘उडून आलेली’ यातही पायऱ्या. पृथ्वीभोवती फिरून आलेली, चंद्राभोवती फिरून आलेली, चंद्रावर उतरून आलेली. किंमत पायरीपायरीने अशी चढते की मान वर करून पाहावं लागतं. 2011 साली अंतराळवीर जिम लॉव्हेल यांची अपोलो 13 वरची, त्यांच्याच हस्ताक्षरात आकडेमोड असलेली वही लिलावात 3 लाख 88 हजार डॉलरला गेली. मग नासानेच विचारलं की ही वही मुळात त्यांची का सरकारची? तिथे सगळेच अडकले. शेवटी 2012 मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि मर्क्युरी, जेमिनी, अपोलोपासून 1975 च्या अपोलो-सोयुझपर्यंतच्या अंतराळवीरांकडे आठवण म्हणून राहिलेल्या वस्तूंवर त्यांची मालकी मान्य झाली. चंद्रावरचे दगड-माती मात्र त्यात नाहीत, ती सरकारचीच. रशियनांचं वेगळं. लुना 16 या माणसाविना गेलेल्या यानाने 1970 मध्ये चंद्रावरून आणलेले तीन इवलेसे कण सोव्हिएत सरकारने त्यांचे दिवंगत मुख्य रॉकेटतज्ज्ञ कोरोल्योव्ह यांच्या पत्नीला दिले होते. ते 1993 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये रीतसर लिलावात विकले गेले, दुसऱ्यांदा 8 लाख 55 हजार डॉलरला. सरकार, मग बाई, मग लिलाव. तीन ओळींचा फेरफार, पण एकही ओळ गाळलेली नाही.

आणि कागद चुकला तर काय होतं त्याचाही नमुना आहे. अपोलो 11 मध्ये चंद्रावरची माती भरून आणलेली एक कापडी पिशवी नोंदवहीतल्या घोळामुळे सरकारी लिलावात 2015 मध्ये 995 डॉलरला गेली. घेणाऱ्या बाईंनी तपासणीसाठी ती नासाकडे पाठवली. नासाने तपासली, चंद्राची धूळ निघाली, आणि मग पिशवी परत द्यायला नासा तयार होईना. बाई कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि 20 जुलै 2017 ला तीच पिशवी 18 लाख डॉलरला विकली गेली. हे वाचल्यापासून आमच्या सेक्शनमध्ये कोणी जुनी कॅनव्हासची बॅग भंगारात काढायला निघालं की मी आधी लेबल वाचतो.

पाकिटाची दुसरी खरेदी मी चार महिने रेंगाळत केली. दोनदा हातची सोडली, कारण विक्रेता मागच्या बाजूचा फोटो पाठवेना. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातलं मिळालं. त्यांच्या यजमानांनी 1983 मध्ये टपालाने मागवलेलं, तेव्हाच्या घडीच्या फोल्डरसकट. दोन्ही बाजूंचे फोटो, फोल्डरचे फोटो, आणि मी हट्टाने मागितलेलं चार ओळींचं पत्र: हे माझ्या नवऱ्याने अमुक साली टपाल खात्याकडून घेतलं, तेव्हापासून आमच्याच घरी आहे. खाली सही. 28 डॉलर. फेरफार पूर्ण.

ते न्यू जर्सीला माझ्या भाचीकडे उतरवलं आणि दिवाळीला ती येताना घेऊन आली. टपालाने का मागवलं नाहीस, असं सेक्शनमधल्यांनी विचारलं. मी विषय बदलला.

भाचीने विमानतळावरून घरी येताच पर्समधून प्लॅस्टिकच्या दोन पुठ्ठ्यांत धरलेलं पाकीट काढून दिलं आणि म्हणाली, “मामा, हे एवढंच? मला वाटलं काही चमकत असेल.” खरंच काही चमकत नव्हतं. कोपरे धारदार, कागद जरा पिवळसर. गरुड, चंद्र, 14 ऑगस्ट. 5 सप्टेंबर. मी हात धुऊन आलो, पुसले, पुन्हा धुतले. भिंगातून तासभर पाहिलं. वर जाऊन आल्याची एक खूण, एक सुरकुती, काही म्हणजे काही नाही. आरएमएसच्या बॅगेतून नागपूर ते गोंदिया गेलेलं पाकीट याच्यापेक्षा जास्त प्रवास केल्यासारखं दिसतं.

ते पाहता पाहता मला आठवलं ते ओहायोच्या आजोबांनी सांगितलेलं. ती मोहीम वरवर अगदी सुखरूप झाली. पण समुद्रात पडलेले अग्निबाण परत आणून तपासले तेव्हा एकाच्या नळकांड्याचं आतलं अस्तर जवळजवळ पूर्ण जळून गेलेलं निघालं. आणखी काही सेकंद ते जळत राहिलं असतं तर भोक पडलं असतं. मग ना यानातले पाच जण परतले असते, ना पाकिटं आली असती, ना आमच्या पंचायतीच्या पेटीत काही दिसलं असतं. इन्सॅटचंही पुढे सरळ नव्हतं: सौरपट्ट्या उघडेनात. कर्नाटकात हासनला बसलेली आपली माणसं आणि तो बनवणारे अमेरिकन इंजिनिअर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत झटत होते, तेव्हा त्या उघडल्या. आदल्या वर्षीचा इन्सॅट-1ए काही महिन्यांतच बंद पडला होता. हा गेला असता तर तिसरा यायला वर्षं लागली असती.

आणि चॅलेंजर. 28 जानेवारी 1986 ला ते यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं. ती बातमी मी त्याच लाकडी पेटीत पाहिली. त्या यानाचे समुद्रातून काढलेले तुकडे कोणाला विकता-घेता येत नाहीत, आणि तेच योग्य आहे. ओहायोच्या आजोबांना कोणी तसला तुकडा देऊ केला की ते उत्तरच देत नाहीत. माझ्याकडचं पाकीट त्याच्या बऱ्या दिवसांतलं आहे.

एकदा हाव सुटली की आवरत नाही. पुढचं वर्ष मी दोन गोष्टींच्या मागे होतो. पहिली, अपोलो 11 च्या कोलंबिया यानावरून सोललेली कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिकची चकचकीत फित. यान परत आल्यावर तिचे तुकडे आठवण म्हणून काढले गेले, पुढे ते आणखी लहान कापून विकले गेले. मला देऊ केलेला तुकडा मुगाच्या डाळीएवढा होता, जाड पारदर्शक ठोकळ्यात बसवलेला. सोबत मूळ मोठ्या तुकड्याच्या पत्राची झेरॉक्स. मी विचारलं, मूळ तुकडा केवढा होता आणि त्याच्या किती डाळी केल्या? उत्तर नाही. एका सातबाऱ्यावर शंभर माणसांना प्लॉट विकल्यासारखा प्रकार. तुकडा खरा असेलही. सोडून दिला.

दुसरी गोष्ट सोडताना मात्र पोटात तुटलं. एप्रिल 1984, राकेश शर्मा सोयुझ टी-11 मधून सॅल्यूत 7 वर गेले तेव्हाचं म्हणून एक पाकीट. त्यावर अवकाशस्थानकाचा म्हणून रशियन गोल शिक्का. 3 एप्रिलचं ते उड्डाण आम्ही पंचायतीच्या अंगणात बसून पाहिलेलं, टीव्हीवाल्या काकांनी त्या दिवशी दारं दुपारपासून उघडी ठेवली होती. पाकीट पाहून हात शिवशिवत होते. पण रशियन स्थानकांच्या शिक्क्यांच्या नकला फार, आणि शिक्का म्हणजे शिक्का. तो कुठे बसून मारला हे शिक्का सांगत नाही. ते सांगायला माणूस लागतो. विक्रेत्याकडे माणूस नव्हता, कागद नव्हता, होतं ते सोनेरी कडेचं प्रमाणपत्र, त्याच्याच दुकानाचं. मी लिहिलं, हे स्थानकावर गेलं ते कोणाच्या सामानातून, आणि खाली कोणी आणलं? त्याने लिहिलं, शिक्का दिसत नाही का? तीस वर्षं शिक्के पाहिलेल्या माणसाला!

यंदा पोळ्याला गावी गेलो तेव्हा पाकीट सोबत नेलं. पंचायतीची खोली पाडून नवी बांधली, थाळी कधीच भंगारात गेली. टीव्हीवाले काका आहेत. नव्वदीला टेकलेत, ऐकू कमी येतं, पण डोळे शाबूत. ओसरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. इन्सॅट, यान, पाकिटं. त्यांनी पाकीट उन्हाकडे धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

“कितीले घेतलं?”

रुपयांत सांगितलं.

“बाप्पा! अन् तारीख तं चुकीची हाये म्हनते तू.”

पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं काही दिसलं नाही. मग काठी टेकत आत गेले. बराच वेळ आतून पत्र्याची पेटी सरकवल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा हातात काळ्या दोऱ्याला बांधलेली पितळेची किल्ली होती. दात झिजलेले, दोरा तेलकट.

“पेटी गेली, कुलूप गेलं. हे राहिली. घेऊन जाय, माह्या काय कामाची. तुह्या पाकिटाजवळ ठेव.”

मी किल्ली घेतली. मग खिशातलं पेन काढलं, नातवाच्या वहीचं एक पान मागून घेतलं, आणि काकांच्या समोर बसून लिहिलं: ही ग्रामपंचायतीच्या टीव्हीच्या पेटीची किल्ली, सन 1984 पासून माझ्याजवळ होती, आज मी स्वतः होऊन दिली. मोठ्याने वाचून दाखवलं.

“84 नाही बे,” काका म्हणाले. “83 च्या दिवाळीले मले देल्ली होती. टीव्ही मंग आला. पह्यले किल्ली आली.”

मी 84 खोडून 83 केलं. खोडलेल्या जागी त्यांची सही घेतली, खाली एक घेतली, आणि नातवाला साक्षीदार केलं.